लकीचा कान: छोटं ऑपरेशन, मोठं ऑपरेशन की नुसते ड्रॉप?

‘नमस्कार डॉक्टर. आमचा लकी कॉकर स्पॅनियल आहे, सात वर्षांचा. तीन वर्षांपासून उजवा कान वाहतोय, डावा अधूनमधून. ड्रॉप टाकले की पंधरा दिवस बरं, मग पुन्हा तेच. आता तर उजव्या कानाचं भोकच दिसेनासं झालंय. हात लावला की किंचाळतो, आणि परवा मुलगा जवळ गेला तर त्याच्या अंगावर धावला. लातूरच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, कानाची पूर्ण नळी काढावी लागेल. दुसरे म्हणाले, एवढं कशाला, बाजूनं थोडं उघडून देऊ, खर्चही निम्म्यावर येईल. आत्याबाई म्हणायल्यात, “मुक्या जनावराला कापूनकुपून काय करायलाव? करंजीचं तेल कोमट करून सोडा.” नळी काढली तर तो बहिरा होईल का? अख्खा कान कापतात का? आणि दोन्हींतलं कुठलं करावं?
– एक शिक्षिका, अंबाजोगाई’

ताई, नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. उजव्या कानाचं तुम्ही जे लिहिलंय ते तपासणीतही तसंच निघालं, तर पूर्ण नळी काढायला सांगणारे डॉक्टर बरोबर आहेत. बाजूनं थोडं उघडून देण्याचं ऑपरेशन लकीच्या बाबतीत म्हणजे पैसे पाण्यात. मोठं ऑपरेशन आत्ता परवडत नसेल तर काही महिने औषधांवर काढा, दुखणं आटोक्यात ठेवा, पैसे साठवा. पण स्वस्त पडतं म्हणून ते मधलं करू नका.

आणि अख्खा कान कापत नाहीत. लकीचे लोंबते केसाळ कान दोन्ही जागच्या जागी राहतील. काढायची असते ती आतली नळी. ऑपरेशन होऊन केस वाढले की अनोळखी माणसाला कळणारही नाही कुठल्या बाजूला काय केलंय.

आता मी एवढा ठाम का आहे ते सांगतो. कुत्र्याच्या कानाची नळी आपल्यासारखी जवळजवळ सरळ नसते. ती आधी गालाच्या मागून उभी खाली उतरते आणि मग काटकोनात आत, पडद्याकडे वळते. पडद्याच्या पलीकडे मधला कान आणि त्याला लागून कवटीच्या हाडाची एक छोटी पोकळी असते, तिला बुल्ला म्हणतात. या उभ्या-आडव्या बोळात मेण, पाणी काहीही साचलं की सहजासहजी बाहेर येत नाही. त्यात कॉकरच्या नळीत मेण तयार करणाऱ्या ग्रंथी इतर बऱ्याच जातींपेक्षा जास्त, आणि वरून जड कानाचं झाकण. सूज महिनोन्‌महिने राहिली की आतली कातडी जाड होते, ग्रंथी फुगतात, वाट बुजत जाते आणि शेवटी नळीच्या कूर्चेत कॅल्शियम साठून तिचं हाड व्हायला लागतं. तुम्हाला भोक दिसेनासं झालंय ते यामुळे.

पुढच्या वेळी दवाखान्यात लकीच्या तोंडाला जाळी लावून घ्या आणि डॉक्टरांना म्हणा, मला हात लावून बघू द्या. आधी डाव्या कानाच्या मुळाशी, जबड्याच्या कोपऱ्याच्या किंचित वर, नळी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरा. ती मऊ लागेल, दबेल, इकडेतिकडे सरकेल. मग उजवी धरा. ती वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखी कडक लागली, दाबून दबली नाही, तर त्या नळीत ड्रॉप टाकणं म्हणजे बंद दारावर पाणी मारणं आहे. औषध आत पोचतच नाही. तुम्ही म्हणता पंधरा दिवस बरं वाटतं. ते वरच्या दोन बोटांपुरतं बरं वाटतं. खालच्या आडव्या भागात आणि पडद्यामागे जे आहे ते तसंच राहतं. कान फार दिवस वाहत असलेल्या कुत्र्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांत संसर्ग मधल्या कानापर्यंत गेलेला असतो. पडदा वरून धड दिसत असला तरी आत पू असू शकतो.

छोट्या ऑपरेशनबद्दल. नळीचा जो उभा भाग आहे त्याची बाहेरची भिंत कापून खाली वळवायची, म्हणजे आडव्या नळीचं तोंड थेट उघड्यावर येतं. हवा लागते, पू साचत नाही, औषध आत जातं. ही पद्धत झेप नावाच्या पशुशल्यचिकित्सकांनी १९४९ मध्ये मांडली आणि अजूनही त्यांच्या नावानं ओळखली जाते. कल्पना चांगली आहे. पण तिला दोन अटी आहेत: आडवी नळी मोकळी हवी आणि आतली कातडी पुन्हा नीट होण्यासारखी हवी. लकीकडे बहुधा दोन्ही नाहीत. कॉकरमध्ये तर हे ऑपरेशन बदनामच आहे. कॅनडात १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॉकरमधली ८० टक्क्यांहून जास्त ऑपरेशनं फसलेली आढळली. आणि फसलं की पुन्हा मोठं करावं लागतंच, तेही आधीच्या व्रणातून वाट काढत, म्हणजे सर्जनलाही अवघड आणि तुम्हालाही दुप्पट खर्च. उभी नळी पूर्ण काढून आडवी ठेवण्याचाही एक प्रकार आहे, त्यालाही आडवी नळी चांगली असावी लागते.

याचा अर्थ दुसरे डॉक्टर फसवतायत असा काढू नका. नळीच्या वरच्या भागात एखादी गाठ आहे, किंवा तरुण कुत्र्याची नळी जन्मतःच अरुंद आहे, अशा ठिकाणी तेच ऑपरेशन योग्य ठरतं. लकी त्या गटात बसत नाही, एवढंच.

मात्र मोठ्या ऑपरेशनची तारीख घेण्याआधी काही गोष्टी झाल्या पाहिजेत, आणि तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेखच नाही म्हणून मला शंका येते. तीन वर्षांत कानातला मळ काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली किती वेळा बघितला गेला? दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे आणि स्वस्तात होतं. मॅलॅसेझिया हे यीस्ट आहे, स्टॅफिलोकोकससारखे गोल जंतू आहेत, की दांड्याच्या आकाराचे जंतू आहेत, ते त्यात दिसतं. दांडे दिसले आणि कानातून पिवळट-हिरवा चिकट पू, कुजका वास येत असेल तर स्यूडोमोनासचा संशय घ्यायचा. हा जंतू भल्याभल्या अँटिबायोटिकना दाद देत नाही, म्हणून कल्चर करून, म्हणजे प्रयोगशाळेत तो जंतू वाढवून, कुठलं औषध चालतं ते बघावं लागतं. अंदाजानं एक ड्रॉप संपला की दुसरा, असं तीन वर्षं चाललं असेल तर जंतू मुरतात आणि खिसा रिकामा होतो. आत्तापर्यंत वापरलेल्या सगळ्या ड्रॉपची रिकामी खोकी सापडतील तेवढी एका पिशवीत भरून न्या. डॉक्टरला त्या पिशवीतून जेवढं कळतं तेवढं तासभर बोलून कळत नाही.

दुसरं, नळी खरंच कायमची बंद झालीय का, हे बघण्यासाठी डॉक्टर दोन-तीन आठवडे प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या देऊन बघू शकतात. काही कानांत नुसती सूज असते, कॅल्शियम साठलेलं नसतं. त्या गोळ्यांनी वाट उघडते आणि ऑपरेशन टळतं किंवा पुढे तरी जातं. या गोळ्या चालू असताना लकी पाणी जास्त पिईल, रात्री लघवीला उठवेल, तेवढं चालायचंच. पण त्याच वेळी मेलॉक्सिकॅमसारखं दुखण्याचं औषध कुणी वेगळं लिहून दिलं तर दोन्ही एकत्र देऊ नका, पोटात जखमा होतात. दोन डॉक्टरांकडे जाणाऱ्यांचा हा घोळ मी नेहमी बघतो. एकाला दुसऱ्याची चिठ्ठी दाखवायला संकोच कशाचा?

तिसरं, मधल्या कानाचा फोटो. सगळ्यात चांगला सीटी स्कॅन, पण जनावराला भूल देऊन तो करणारं ठिकाण आपल्या गावात मिळेल अशी आशा नको. पुणे, मुंबई किंवा हैदराबादची तयारी ठेवावी लागेल. नाहीच जमलं तर भूल देऊन चांगले एक्स-रे. त्यात सगळं दिसत नाही, पण काहीच न बघता आत शिरण्यापेक्षा बरे.

आणि चौथं, जे सगळ्यात जास्त वेळा राहून जातं: मुळात कान बिघडला कशानं? माळरानावरच्या गवताचं कुसळ आत गेलं तर एक कान अचानक दुखतो, कुत्रं डोकं झटकत सुटतं. ते वेगळं. वर्षानुवर्षं चालणाऱ्या, दोन्हीकडे होणाऱ्या कानदुखीच्या मुळाशी बहुतेक वेळा अ‍ॅलर्जी असते. लकी पंजे चाटतो का? काखा, पोट लाल होतं का? एखाद्या ऋतूत जास्त खाजवतो का? तसं असेल तर हवेतल्या-धुळीतल्या गोष्टींची किंवा खाण्यातल्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी असू शकते. खाण्याचा संशय असेल तर किमान आठ आठवडे त्यानं आधी कधी न खाल्लेलं एकच प्रथिन देऊन बघतात, आणि त्या काळात पोरांनी बिस्किटाचा तुकडा टाकला तरी सगळा प्रयोग मातीमोल. तो वजनानं सुटलाय, सुस्त झालाय, अंगावरचे केस विरळ झालेत असं असेल तर थायरॉइडची रक्ततपासणीही करून घ्या. हे सगळं कशासाठी, तर उजवी नळी काढल्यानं उजव्या कानाचा प्रश्न सुटतो, लकीची अ‍ॅलर्जी नाही. ती डाव्या कानात काम चालूच ठेवते.

इथवर झालं आणि तरी नळी कडक, बंदच असेल, तर मग ऑपरेशन. यात उभी आणि आडवी दोन्ही नळ्या पूर्ण काढतात, बुल्लाची बाहेरची भिंत फोडून आतली पोकळी मोकळी करतात आणि तिथलं सगळं खराब अस्तर खरवडून काढतात, मग वरून कातडी शिवतात. कानाला भोक राहत नाही. काम नाजूक आणि वेळखाऊ आहे, कारण चेहऱ्याची नस नळीला अगदी खेटून वळसा घालून जाते आणि जुन्या कानात ती सुजेत, कॅल्शियममध्ये चिकटलेली असते. तिला ताण बसला तर त्या बाजूचा डोळा मिटत नाही, ओठ लोंबतो, खाताना अन्न सांडतं. बऱ्याच कुत्र्यांत हे काही आठवड्यांत सुधारतं, थोड्यांत कायम राहतं. डोळा मिटत नसेल तोवर डॉक्टर सांगतील तसे दिवसातून अनेकदा कृत्रिम अश्रूंचे थेंब घालावे लागतात, नाहीतर बुबुळावर जखम होते. कॉकरमध्ये मुळातच डोळे कोरडे पडण्याचा आजार जास्त असतो, म्हणून ऑपरेशनआधी डोळ्यातलं पाणी मोजणारी कागदी पट्टीची तपासणी करायला सांगा. आणि आदल्या दिवशी लकीचे दोन्ही डोळे मिटतायत, ओठ सरळ आहेत, मान सरळ आहे याचा मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढून ठेवा. नंतर ‘हे आधीपासून होतं का’ हा वाद राहत नाही.

दुसरा धोका आतल्या कानाचा: मान एका बाजूला कलणं, तोल जाणं. तिसरा उशिरा येतो. अस्तराचा एखादा तुकडा आत राहिला तर काही महिन्यांनी, क्वचित वर्षांनी, कानाखाली गळू होऊन वाहायला लागतं आणि पुन्हा उघडावं लागतं. म्हणून हे ऑपरेशन नेहमी करणाऱ्या हातानंच करून घ्यायचं. काढलेली नळी फेकून न देता तपासणीला पाठवायला सांगा. जुन्या सुजलेल्या कानात मेणग्रंथींचा कर्करोग लपलेला सापडतो, आणि तो बाहेरून ओळखू येत नाही.

बहिरेपणाबद्दल तुम्ही काळजी करताय, पण लकीला उजव्या कानानं आत्ता किती ऐकू येत असेल? नळी बुजलेली, मागे पू. ऑपरेशननंतर त्या बाजूला ऐकू येणं फार कमी होईल. आतला कान शाबूत असतो, त्यामुळे काही दबके, मोठे आवाज कळू शकतात. डावा कान चालू आहे तोवर तो तुमच्या हाकेला येईल. फरक एवढाच पडेल की आवाज कुठल्या दिशेनं आला ते त्याला चटकन कळणार नाही. घरात याचा त्रास नाही, रस्त्यावर आहे. मागून येणारी मोटारसायकल उजवीकडे की डावीकडे हे त्याला समजणार नाही, म्हणून बाहेर नेताना पट्टा सोडायचा नाही. पुढेमागे डाव्याचीही वेळ आली तर तो जवळपास बहिरा होईल, तेव्हा आत्तापासूनच ‘बस’, ‘ये’ यांसाठी हाताच्या खुणा शिकवायला लागा. तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला हे मी सांगायला नको.

ठिकाणाचं म्हणाल तर मराठवाड्यात दोन जुनी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत: परभणीचं १९७२ पासूनचं आणि उदगीरचं १९८७ पासूनचं. तुम्हाला परळी-गंगाखेडमार्गे परभणी पडेल, लातूरमार्गे उदगीर. दोन्हीकडे शल्यचिकित्सा विभाग आहेत. लकीला घेऊन थेट जाऊन धडकू नका, आधी फोन करून शल्यचिकित्सकांची वेळ घ्या. तिथे, किंवा पुण्या-हैदराबादच्या खासगी दवाखान्यात, कुठेही गेलात तरी लाज न बाळगता विचारा: हे ऑपरेशन तुम्ही स्वतः नेहमी करता का? वायूची भूल आहे का? रात्री लकीजवळ कोण असेल? दुखण्यासाठी काय देणार? आणि खर्च एका आकड्यात नको. तपासण्या, भूल, ऑपरेशन, मुक्काम, नंतरची ड्रेसिंग असा वेगवेगळा कागदावर लिहून मागा. चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही. चिडला तर तेही एक उत्तरच समजा.

घरी आणल्यावरचे पहिले दोन आठवडे जड जातात. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात. तोवर गळ्यातली प्लास्टिकची कॉलर काढायची नाही, कितीही केविलवाणं बघितलं तरी. जबडा उघडताना दुखतं म्हणून मऊ खाणं द्या. पाणी पसरट, उथळ भांड्यात ठेवा, कॉलर अडकत नाही. मला आपल्या भागात सगळ्यात जास्त भीती माश्यांची वाटते. जखमेवर माशी बसली की एक-दोन दिवसांत अळ्या पडतात, आणि केसांखाली त्या दिसत नाहीत. म्हणून लकीला ओसरीत किंवा गोठ्याजवळ नाही, जाळीच्या खोलीत ठेवायचं, आणि सकाळ-संध्याकाळ जखम उजेडात नेऊन बघायची. वास आला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. शक्य असेल तर ऑपरेशन मे महिन्याच्या तडाख्यात धरू नका, भर उन्हातून गाडीतला प्रवास आणि गळ्यात कॉलर हे हाल आहेत. पण दुखणं वाढत असेल तर हिवाळ्याची वाट बघत बसू नका. घरातली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी ‘थोडीशी’ देऊ नका. कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला ती भारी पडते.

आत्याबाईंचं तेल. पडदा फाटलेला असेल, आणि एवढ्या जुन्या कानात तो असू शकतो, तर तेल सरळ मधल्या कानात जातं आणि तिथून निघत नाही. कोमटाचं गरम कधी होतं कळतही नाही. तेच रॉकेलचं, हायड्रोजन पेरॉक्साइडचं आणि कापसाच्या काडीचं. काडीनं तर मळ आणखी आत ढकलला जातो. पडद्याची खात्री नसताना माणसांचे कानाचे ड्रॉपही नकोत, त्यातली काही अँटिबायोटिकं आतल्या कानाला इजा करतात. पण आत्याबाईंशी वाद घालू नका. त्यांना कापाकापी नको आहे ती जीव लावलाय म्हणूनच. त्यांना फक्त लकीचं डोकं उजव्या बाजूनं कुरवाळायला सांगा, म्हणजे तो आज काय सहन करतोय ते त्यांनाच कळेल. ऑपरेशननंतर महिनाभरात कुत्रं पुन्हा खेळायला लागतं तेव्हा बरेच मालक म्हणतात, याला इतकं दुखत होतं हे आम्हाला कळलंच नव्हतं.

मुलावर धावला तो दुखण्यानं, स्वभाव बदलला म्हणून नाही. दुखणं थांबेपर्यंत मुलाला त्याच्या उजव्या बाजूनं जाऊ देऊ नका, आणि झोपेत तर मुळीच नको. रेबीजच्या लसीची तारीख कार्डावर बघून घ्या, उलटून गेली असेल तर दवाखान्यात जाल तेव्हाच टोचून घ्या. दात लागलाच, अगदी ओरखडा असला तरी, जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि मुलाला त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या.

मान एकीकडे कलली, गोल फिरायला लागला, तोंड उघडेना, किंवा डोकं झटकून झटकून कानाची पाळी रक्तानं फुगली, तर वरच्या सगळ्या क्रमाची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि उजव्याच्या गडबडीत डावा विसरू नका. त्यात अजून वाट आहे, म्हणजे तो वाचवता येतो. अ‍ॅलर्जीचा उपचार सुरू करा, डॉक्टरांनी पडदा शाबूत असल्याचं बघितलं की त्यांनी दिलेल्या द्रावणानं आठवड्यातून एकदा साफ करा, आणि विहिरीवर पोहायला नेत असाल तर ते बंद. दर दोन-तीन महिन्यांनी काचपट्टीवर मळ तपासून घ्या, लकी खाजवत नसला तरी.